कुंडीतले टोमॅटो आणि सासूबाईंचं बोट

मागे या सदरात कढीपत्ता आणि मिरचीबद्दल लिहिलं होतं. तेव्हापासून एक तक्रार निरनिराळ्या अक्षरांत माझ्याकडे येते आहे. "ताई, टोमॅटोचं झाड छान वाढलंय, पानं तर विचारूच नका, फुलंही येतात, पण फळ मात्र सुपारीएवढंच राहतं." कुणाची फुलं गळून पडतात, कुणाच्या टोमॅटोचं बूड काळं पडतं. आणि शेवटचा प्रश्न प्रत्येकीचा ठरलेला : "कुठलं खत घालू?"

उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं ते खत नव्हे. योग्य ऋतू, पुरेशी मोठी कुंडी, ऊन आणि पाण्याची शिस्त या चार गोष्टींतलं काही तरी हुकलेलं असतं, आणि बरेचदा चौथी. हे शहाणपण मला सहजी आलेलं नाही. दोन हंगाम वाया गेले, आणि घरात एक मोठा अबोला होता होता टळला. आज ते सगळं सांगते.

आम्ही ट्रॉम्बेला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. एका बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्राची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरं. 'इथे काय उगवणार?' असं पाहुणे विचारतात. त्यांना मी सांगते, भुईमुगाची 'टीएजी-२४' ही जात इथल्याच भाभा केंद्रात तयार झाली, तिच्या नावातला 'टी' आपल्या ट्रॉम्बेचाच! पण शास्त्रज्ञांचा भुईमूग वेगळा आणि माझी गॅलरी वेगळी, हे मला लवकरच कळायचं होतं.

२०२३ चा जुलै तुम्हांला आठवत असेल. टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता. भाजीवाला पाव किलो तोलताना असा चेहरा करायचा की जणू सोनंच तोलतोय. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. पगार किती असतो ते तुम्ही जाणताच. त्या दिवशी मोकळी पिशवी घेऊन परत आले आणि ह्यांना म्हटलं, "आता टोमॅटो घरीच लावायचे." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आत्ता? पावसात?"

मी ऐकलं नाही. त्या नारायणगावकडच्या, जुन्नर तालुक्यातल्या. अर्धं आयुष्य टोमॅटोच्या वाफ्यात गेलेलं. मी बी. ए. झालेली; मला वाटलं, शेतातलं वेगळं, कुंडीतलं वेगळं. बी पेरलं. पंधरा दिवसांत रोपं निम्मी कुजली, उरलेली पावसाच्या माऱ्यानं आणि करप्यानं गेली.

पहिला धडा इथेच लिहून ठेवा : मुंबईत टोमॅटो पावसाळा सरल्यावरच लावायचा. टोमॅटोचं फळ धरण्यासाठी रात्र थोडी थंड लागते. रात्रीचा पारा पंधरा ते वीस अंशांच्या आसपास असला, की परागकण चांगले तयार होतात. दिवसा पस्तिसाच्या पुढे आणि रात्रीही पंचविसाच्या आसपास ऊब राहिली, तर परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. एप्रिल-मेमध्ये ज्यांची फुलं गळतात त्यांनी स्वतःला किंवा खताला दोष देऊ नये. तो हवेचा गुण आहे. मी आमच्या घरापुरता एक सोपा हिशेब केला आहे : दसऱ्याला बी, दिवाळीला रोप, संक्रांतीला फळ. दसऱ्यानंतर तीन-चार आठवड्यांत रोप वीतभर होतं. लावल्यावर महिन्या-सव्वा महिन्यानं फूल येतं, ते थंडीतच. आणि साधारण सत्तर दिवसांनी पहिलं पिकलं फळ हाती लागतं.

दुसऱ्या वेळी मी शहाणी होऊन ऑक्टोबरात बी घातलं. रोपं झाली, कुंड्यांत लावली, झाडं तरारली. पण जानेवारीत जे फळ आलं ते पाहून रडू यायचं बाकी राहिलं. लहान-लहान, आणि बुडाला काळा, चामड्यासारखा दबलेला डाग. मला वाटलं, झाड उपाशी आहे. शाळेतल्या एका बाईंनी युरिया दिला होता, तो मी चमच्या-चमच्यानं घातला. झाड आणखी हिरवंगार झालं, फांद्या ग्रिलबाहेर गेल्या. फळं मात्र होती त्याहून वाईट.

असं का, ते नंतर समजलं. बूड काळं पडणं हा रोग नाही, कीड नाही. फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की तिथला भाग मरतो. आता गंमत पहा. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं आणि जिकडे पाणी जास्त उडून जातं तिकडे, म्हणजे पानांकडे, जास्त जातं. फळाच्या वाट्याला थोडं येतं, आणि बूड तर सगळ्यांत शेवटी. त्यात एक दिवस माती सुकली, दुसऱ्या दिवशी चिखल झाला, की पुरवठा तुटतो. मातीत चुना असूनही फळ उपाशी राहतं. युरियासारखं नुसतं नत्र घातलं की पानं आणखी वाढतात आणि फळाच्या तोंडचा घास तीच पळवतात. म्हणजे मी औषध म्हणून जे घालत होते, तेच दुखणं वाढवत होतं.

पण पाणी तर मी नियमानं घालत होते! सकाळी साडेसहाला, शाळेला निघण्याआधी, प्रत्येक कुंडीला एक तांब्या. मग पुरवठा तुटेल कसा?

एका रविवारी कोडं उलगडलं. दुपारी गॅलरीत गेले तर कुंड्यांखालच्या ताटल्या काठोकाठ भरलेल्या. धाकटीला विचारलं. ती सहज म्हणाली, "आजी घालते ना रोज, तांदळाचं पाणी. आणि बाबा रात्री घालतात, तू विसरली असशील म्हणून." म्हणजे तीन वेळा पाणी! आणि महिन्यातून चार दिवस सासूबाई माझ्या नणंदेकडे डोंबिवलीला जात, ह्यांची पाळी रात्रीची असे, तेव्हा सकाळच्या माझ्या एका तांब्यावर झाडं दिवस काढायची. खाडीवरचा दुपारचा वारा सुटला की लहान कुंडी चार तासांत कोरडी ठणठणीत होते. कधी पूर, कधी दुष्काळ. टोमॅटोनं काय करावं?

मी तावातावानं स्वयंपाकघरात गेले. "आई, तुम्ही पाणी घालू नका, झाडं मरतायत" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. सासूबाई ताकाला फोडणी देत होत्या. मी तशीच परत फिरले. का, ते सांगते.

मामंजी गेल्यावर गावची जमीन विकली आणि आम्ही त्यांना इकडे आणलं. मुंबईत त्यांना काय काम? भाजी निवडायची, पूजा, टीव्ही. डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर निवडणंही आम्ही काढून घेतलं, काळजीपोटीच. त्यांच्या वाटेला दिवसातून पाच मिनिटं माती यायची, ती या कुंड्यांची. आणि त्याच २०२३ च्या सप्टेंबरात, टोमॅटोचा भाव जुलैत जितका चढला होता तितकाच कोसळला. नाशिककडच्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर टोमॅटो ओतल्याचं टीव्हीवर दाखवत होते, तेव्हा त्या उठून गॅलरीत गेल्या होत्या आणि बराच वेळ आत आल्या नव्हत्या. मला तेव्हा वाटलं, उकडत असेल. आता कळलं, की ज्या बाईनं उभ्या जन्मात टोमॅटो पिकवला, तिला मी दोन वर्षं एक प्रश्नही विचारला नव्हता. एकदा त्यांनी 'पावसात?' म्हणून सुचवलं, तर ऐकलं नाही. आणि आता पाण्याचा तांब्याही हातातून काढून घ्यायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर म्हटलं, "आई, आजपासून टोमॅटो तुमचे. मी आणि हे हात लावणार नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तुझा तांब्या आधी लांब ठेव. आन् ही असली वाटीएवढी कुंडी! वांग्याचं रोप तरी धरंल का हिच्यात?"

त्यांनी पाणी घालण्याआधी काय केलं, तर तर्जनी मातीत दोन पेरं खुपसली. "वरून काय कळतंय? वर वाळलेलं दिसतं, खाली गार असतं. बोटाला गार लागलं तर पानी नाही. कोरडं लागलं तर घाल, आन् बुडातून निथळेस्तोवर घाल." बस्स. एवढंच शास्त्र. ज्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही, तिच्या बोटाला माती वाचता येते.

त्या हंगामात उरलेली फळं थोडी सुधारली. जी काळी झाली होती ती आम्ही तोडून टाकली, कारण ती बरी होत नाहीत आणि झाडाची ताकद मात्र खातात. पुढच्या, २०२४ च्या दसऱ्याला आम्ही दोघींनी मिळून सुरुवातीपासून लावलं. आता ते सारं क्रमानं सांगते; कात्री घेऊन कापून ठेवायला हरकत नाही.

कुंडी. एका झाडाला एक कुंडी, आणि ती निदान बारा इंच रुंद, बारा इंच खोल. वीस लिटरची रंगाची बादली स्वच्छ धुऊन घेतली तर उत्तम. तेलाचा पंधरा किलोचा डबाही चालतो. तळाशी करंगळीएवढी पाच-सहा भोकं पाडा आणि त्यांवर करवंटीचे किंवा फुटक्या कौलाचे तुकडे ठेवा. मुळांना जागा नसेल तर फळ मोठं होत नाही, हे अगदी पक्कं समजा. आणि एक ताकीद : भिजलेली बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलो भरते. ती ग्रिलवर किंवा कठड्यावर ठेवू नका. खालून कुणाचं लेकरू जात असतं. कुंड्या जमिनीवर, भिंतीशी.

ऊन. दिवसाला निदान सहा तास. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दक्षिणेची खिडकी असेल तर ती सर्वांत चांगली, पूर्वेची दुसरी. तीन तासच ऊन येत असेल तर टोमॅटोच्या नादी न लागता पुदिना, अळू लावा. मन मोडतं, पण उगीच खर्च नको.

माती. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नारळाच्या शेंड्यांचा भुसा आणि प्रत्येक कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. ज्या कुंडीत वांगी, मिरची किंवा टोमॅटो मरगळून मेला असेल ती माती पुन्हा वापरू नका; कोकणपट्टीत मर रोगाचे जंतू मातीत राहतात. विकतचं खत परवडत नसेल तर ओल्या कचऱ्याचं करा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून हाच विचार घरोघर नेला. त्याच वाटेनं प्रीती पाटील यांनी त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच भाजीच्या देठा-सालांतून भाजीपाला आणि फळझाडं उभी केली. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघराला जे जमलं ते आपल्या चार माणसांच्या घराला का जमू नये?

बी. फळाचा आकार आधी जातीत असतो, मग मेहनतीत. चेरी टोमॅटोचं बी पेरून मोठ्या फळाची वाट पाहू नका. दिल्लीची 'पुसा रुबी' जुनी आणि भरवशाची. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'धनश्री' आणि 'भाग्यश्री' आहेत. बंगळूरच्या संशोधन संस्थेची 'अर्का रक्षक' ही संकरित जात पानं मुरडणारा विषाणू, मर आणि करपा या तिन्हींना तोंड देते, आणि फळ पाऊणशे ते शंभर ग्रॅमचं देते. संकरित झाडाचं बी मात्र पुढच्या वर्षासाठी धरू नका, ते तसंच निघेल याचा नेम नाही.

लावणी. रोप वीतभर झालं की संध्याकाळी लावा. खालची पानं काढून देठ निम्म्यापर्यंत मातीत पुरा. टोमॅटोच्या पुरलेल्या देठाला मुळं फुटतात, आणि जितकी मुळं तितकं बळ. त्याच वेळी चार-पाच फुटांची काठी रोवा. नंतर रोवाल तर मुळं तुटतील. सुतळी आठाच्या आकड्यासारखी सैल बांधा.

बगलफूट. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी कोवळी फूट येते ती उंच वाढणाऱ्या जातींत बोटभर असतानाच चिमटून टाका. एक किंवा दोनच खोडं ठेवा. मी आधी एकही फूट काढत नसे, वाईट वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, "घरात खाणारी तोंडं वाढवायची आन् शिजवायचं तेवढंच, मग कुणाचं पोट भरायचं?" बुटक्या, झुडपासारख्या जातींची मात्र फूट काढायची नाही, त्यांना फळच तिथे येतं.

फूल. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. पण पराग झडायला धक्का लागतो. शेतात वारा आणि गुणगुणणाऱ्या रानमाश्या ते काम करतात. बंद गॅलरीत आपणच करायचं. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला टिचकी मारा, किंवा काठी हलवा. हे फळाच्या आकारासाठीही महत्त्वाचं आहे : ज्या फळात बिया जास्त धरतात ते फळ मोठं होतं. अर्धवट पराग पडलेलं फळ लहान आणि वेडंवाकडं राहतं. हे काम आमच्याकडे धाकटीचं. आजी सांगते, ती टिचक्या मारते.

मोठं फळ. एका घोसाला सहा-सात फळं धरली तर वाटाण्याएवढी असतानाच दोन-तीन काढून टाका, चार ठेवा. हे करताना हात कचरतो. पण उरलेली चार पाहिलीत की पुढच्या घोसाला कचरणार नाही.

खत. रासायनिक खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात. आमच्या शेजारच्या आरसीएफ कारखान्याच्या 'सुफला'वर १५:१५:१५ असतात, म्हणजे शंभर भागांत नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी पंधरा. युरियात शेचाळीस टक्के नत्र आणि बाकीचं काही नाही. नत्र पानाला, पालाश फळाला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फुलं येईपर्यंत दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत. फूल दिसल्यावर त्यासोबत भिजवून आंबवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पाणी, दहापट पातळ करून. लाकडाची राख मिळाली तर महिन्याला एक चमचा, त्यात पालाश असतो. अंड्याची टरफलं कुटून मातीत घालायची तर लावणीच्याच वेळी घाला. ती फार सावकाश विरघळतात, फळ काळं पडल्यावर त्यांचा उपयोग नाही.

पाणी. एकच माणूस, एकच वेळ, बोट घालून. मातीवर वाळकी पानं किंवा उसाचं चिपाड दोन इंच पसरा, म्हणजे खाडीचा वारा ओलावा पळवणार नाही. फळ पिकायला लागलं असताना कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळालं की साल तडकते. ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात. आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर थेंब पडू लागले की टोमॅटो गोड लागत नाहीत! मी एक वाटी टोमॅटो त्यांच्याकडे नेऊन दिले आणि ताटल्या बदलल्या, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

कीड. पानाखाली पांढरी माशी दिसली तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या पाठीवर फवारा. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगला की माशा चिकटतात. पण पानं वाटीसारखी वर वळून झाड खुजं राहिलं असेल तर तो विषाणू आहे, त्याला औषध नाही. मन घट्ट करून ते झाड उपटा, नाही तर माशी तो शेजारच्या कुंडीला नेईल.

तोडणी. फळ बुडाकडून गुलाबी झालं की काढलं तरी घरात पिकतं, आणि तोवर कावळ्या-चिमण्यांची नजरही पडत नाही. हंगामाच्या अखेरीला, होळीच्या सुमारास ऊन तापलं की हिरवीच फळं राहतात. ती फेकू नका. चिरून तेलावर मोहरी, हिंग, हिरवी मिरची, लसूण घालून परता, मऊ झाली की दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर गूळ घालून खरंगटीसारखं वाटा. भाकरीबरोबर ही चटणी आमच्याकडे टोमॅटोपेक्षा आधी संपते.

आता हिशेब. माझी खर्चाची वही खोटं बोलत नाही. २०२४ च्या हंगामात चार झाडं लावली, दोन कुंड्यांत, दोन रंगाच्या बादल्यांत. जानेवारी ते मार्च मिळून नऊ किलो चारशे ग्रॅम टोमॅटो निघाले. सर्वांत मोठं फळ एकशे दहा ग्रॅमचं, सासूबाईंनी ते दोनदा वजन करायला लावलं. माती, खत, बी, कुंड्या मिळून खर्च झाला अकराशे पन्नास रुपये. आणि त्या दिवसांत बाजारात टोमॅटो स्वस्तच असतो. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून कुणी लावणार असाल तर मी आधीच सांगते, पहिल्या वर्षी वाचत नाहीत. दुसऱ्या वर्षी माती तीच, म्हणून खर्च तीनशेवर आला. तरी नफा म्हणावा असा नाही. जुलैतल्या शंभराच्या टोमॅटोवर कुंडी हा तोडगा नव्हे, कारण जुलैत कुंडीतही टोमॅटो नसतो! मी ज्या रागानं हे सुरू केलं होतं तो राग चुकीचाच होता.

पण आणखी एक गोष्ट झाली, ती वहीत मांडता येत नाही. आता रोज संध्याकाळी शेजारच्या दोन-तीन सुना आमच्या गॅलरीत येतात. "आजी, माझं पान असं का झालंय?" सासूबाईंना पान नीट दिसत नाही, त्या ते बोटांत धरतात, चुरगळतात, वास घेतात आणि सांगतात. मध्यंतरी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून निघताना त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो वाकायला किती दिवसांनी परवानगी, हा. डॉक्टरांना वाटलं पूजेसाठी. तेवढे दिवस पाण्याचं काम माझ्याकडे होतं. मी रोज बोट घालून बघत होते, आणि त्या खाटेवरून रोज विचारत होत्या, "गार लागलं का कोरडं?"

एकदा मी म्हटलं, "आई, मी दोन वर्षं तुम्हांला विचारलं नाही. चुकलंच माझं."

त्या म्हणाल्या, "तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. दोघीबी आपापला तांब्या ओतत बसलो."

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणी सासूबाई, आजी, काकू असतील, ज्यांनी कधी काळी माती हाताळली आहे. यंदा दसऱ्याला बी घालण्याआधी त्यांना एकदा विचारा. आणि पाणी कोण घालणार ते घरात ठरवून टाका, एकच माणूस. मग खताचं पत्र मला लिहायची वेळ येणार नाही.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं, ते पाहू. तोवर तुमच्या कुंड्यांची खुशाली कळवत राहा.